सहा जुलैचं पान

शेणव्याच्या शाळेला कुंडलिक मास्तर लाभले आणि जगात आजवर काय काय घडून गेलं ते गावाला रोज सकाळी कळू लागलं. गावाने ते मागितलं नव्हतं.

शाळेच्या पडवीत एक जादा फळा टांगलेला असे. त्यावर मास्तर रोज एक ओळ लिहीत: आजच्याच तारखेला पूर्वी कोणी काय शोधलं, कोण कुठे जाऊन पोचलं. मग पोरं रांगेत उभी राहून ती ओळ एका सुरात वाचत आणि अर्ध्या गावाला ती ऐकू जाई. या ओळी यायच्या एका जाडजूड वहीतून. शहापूरच्या वाचनालयातली जुनी मासिकं मास्तर वाचायला घरी आणत आणि कात्रीने हलकी करून परत करत. ती कात्रणं वहीत चिकटवलेली, एका तारखेला एक पान. ज्या तारखेचं काही मिळालं नव्हतं ते पान कोरं. त्या दिवशी फळ्यावर "आज विशेष काही नाही" असं लिहिलं जाई आणि पोरं तेही तितकंच घसा ताणून वाचत.

वहीचा एक कायदा होता. पुढचं पान आधी सांगायचं नाही. ज्याचा दिवस त्याच दिवशी त्याचं नाव. हा कायदा सरकारने केला नव्हता, मास्तरांनीच केला होता, म्हणून तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची बायको ताराबाई मुरबाडकडची, शेतकऱ्याची लेक. तिला अक्षर येत नव्हतं, पण मास्तरांचं घर शाळेला लागूनच आणि मधली भिंत कुडाची. चुलीपुढे बसल्या बसल्या तिला वर्षाच्या ओळी पाठ झाल्या होत्या. चौदा डिसेंबरला माणूस दक्षिण ध्रुवावर पोचला, सतरा डिसेंबरला दोन भाऊ यंत्रात बसून उडाले, हे ती भाकरी थापताना पुटपुटायची. मास्तरांसमोर कधी नाही. त्यांच्यासमोर तोंड उघडलं की ते आधी तिची भाषा झाडून काढत. ती 'नाय' म्हणाली की ते 'नाही' म्हणत, आणि ती पुन्हा 'नाही' म्हणेपर्यंत पुढचं ऐकतच नसत. नऊ वर्षांत ती कमी बोलायला शिकली होती.

एकोणीसशे छत्तीसच्या एप्रिलात कोंडू गाडीवानाला कुत्रं चावलं.

आता कुत्रं चावल्यावर काय करायचं हे शेणव्यात पोरासोरांनाही ठाऊक. सात विहिरींत डोकवायचं. जाता येता कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. पाण्यात आपलं तोंड दिसलं की विष उतरलं, कुत्र्याचं दिसलं की संपलं. गावात विहिरी सहा. सातवी शाळेच्या अंगणात. तेव्हा कोंडू पोटरीला फडकं बांधून, ओठ घट्ट मिटून, भर शाळेच्या वेळी अंगणात आला आणि विहिरीवर ओणवा झाला.

मास्तर सगळा वर्ग घेऊन बाहेर आले. "काय कोंडिबा, काय हरवलं?" त्यांनी विचारलं. कोंडू गप्प. "कोणाला शोधतोस? आत बायको आहे का?" पोरं खिदळली. कोंडूला बोलायची बंदी. तो लाल झाला, हात जोडले, मान हलवली. मुक्या माणसाला प्रश्न विचारण्यासारखी सोपी मजा नाही, आणि मास्तरांनी ती घटकाभर चाखली. मग त्यांनी खडू घेतला. त्या दिवशीची ओळ होती, "६ एप्रिल १९०९, उत्तर ध्रुवावर स्वारी." तिच्याखाली त्यांनी लिहिलं, "६ एप्रिल १९३६, शेणव्याच्या कोंडूने विहिरीत आपले थोबाड पाहिले." पोरांनी ते तीनदा वाचलं. पुढे दोन महिने कोंडूची गाडी रस्त्याला लागली की मागून तीच ओळ यायची.

त्या दिवशी जेवताना ताराबाईने भीत भीत विचारलं, "मंग कुत्रं चावल्यावर करायचं तरी काय?"

"मग," मास्तर म्हणाले.

"मग करायचं काय?"

मास्तर हसले. त्यांनी वहीवर दोन बोटं आपटली. "त्याचाही दिवस आहे. सहा जुलै. तेव्हा ऐक भिंतीतून. सगळं गाव तोंडात बोट घालील."

कोंडूला चावलेली कुत्री वेडीबिडी नव्हती. ती बाळंतीण होती, आणि कोंडूने तिच्या पिल्लांवर पाय दिला होता. मास्तरांना हे माहीत होतं, म्हणून त्यांना घाई नव्हती. गावाने मात्र एवढंच पाहिलं की कोंडू सात विहिरी बघून आला आणि धडधाकट राहिला.

पंधरा जूनला पहाटे ताराबाई राख टाकायला उकिरड्यावर गेली. तिथे एक परगावचं कुत्रं उभं होतं, जबडा लोंबता, तोंडातून लाळेची तार. ते भुंकलं नाही. सरळ आलं, तिच्या उजव्या मनगटाला धरलं, दोन बांगड्या फोडल्या आणि जसं आलं तसं निघून गेलं. हे पाहिलं फक्त शेजारच्या धोंडीबाईने. धोंडीबाई गावची सुईण, वयाने थोर आणि मनाने चांगली. तिने ताराबाईला घरात ओढलं, जखमेत लाल तिखट दाबून भरलं आणि वरून चिंधी बांधली.

"मास्तरना सांग गो," धोंडीबाई म्हणाली.

"नको. फळ्यावर लिवतील."

"बायकोचं नाव कोन लिवतो?"

"तुला म्हायती नाय ते."

तेवढ्यात पलीकडून पोरांचा सूर आला: पंधरा जून एकोणीसशे एकोणीस, दोघे वैमानिक न थांबता अटलांटिक महासागर ओलांडून उतरले. दोघी ऐकत बसल्या. त्याच दुपारी ते कुत्रं लखमाच्या वासराला चावलं आणि लोकांनी त्या कुत्र्याला काठ्यांनी ठेचून मारलं. मास्तरांनी वर्गात विचारलं, "कोणाला चावलं का रे?" सगळी पोरं नाही म्हणाली. घरी येऊन त्यांनी विचारलं नाही. चिंधीकडे पाहून एवढं म्हणाले, "भाजलं वाटतं. लक्ष कुठे असतं तुझं?"

पुढच्या तीन पहाटे दोघी बायका तोंड मिटून विहिरी फिरल्या. सहा विहिरींत ताराबाईला आपलं तोंड दिसलं, कुठे अंधुक, कुठे पाचोळ्यात तुटकं, पण दिसलं. सातवी अंगणातली. तिचा काठ एका बाजूने ढासळलेला, अंगणातलं सगळं पाणी आत जाई. आत लाल गढूळ चिखल. ताराबाई ओणवी झाली, पदर सावरून अजून वाकली. कोणीच दिसलं नाही. तिचं तोंडही नाही, कुत्र्याचंही नाही.

"असंल तितंच," धोंडीबाई नंतर म्हणाली. "आपल्या डोळ्याला नाय गावलं यवढंच."

यावर ताराबाईचं समाधान झालं नाही. ती रोज पहाटे घागर घेऊन त्या विहिरीवर जाई आणि पाणी निवळलं का बघे. पाऊस रोज येत होता आणि पाणी रोज लालच होतं.

मग तिला सहा जुलैची आठवण झाली. एकदा भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "ते साहा जुलैचं काय हाय?"

"काय आहे."

"काय आहे?"

"दिवस येऊ दे." मास्तर खुशीत होते. त्या दिवशी शाळा तपासायला डिपुटी साहेब येणार होते, आणि त्यांनी तो पाठ दाखवायचा ठरवला होता. "आधी फोडलं तर त्यात राम काय राहिला?"

दुसऱ्या दिवशी ते शाळेत असताना तिने वही काढली. नऊ वर्षांत वहीला तिचा हात लागला नव्हता. सहा जुलैच्या पानावर मास्तरांनी मोरपीस घालून ठेवलं होतं, म्हणून ते लगेच उघडलं. पानावर चित्र होतं. एक दाढीवाला गोरा साहेब कागद धरून उभा, आणि त्याच्यापुढे एका पोराच्या उघड्या पोटात दुसरा साहेब सुई टोचतोय. खाली भरगच्च अक्षरं. त्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं, जणू ती हाताला बोलतील. मग तिने चित्र पुन्हा नीट पाहिलं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. देवी टोचणारा! दर वर्षी गावात यायचा, पोरांना रडवून जायचा. तिच्या स्वतःच्या दंडावर लहानपणचे ते वण होते. म्हणजे पान देवीचं होतं, कुत्र्याचं नव्हतंच. नवरा चुकीचं पान सांगून गंमत करत होता, ही त्यांची जुनी खोड. तिने मोरपीस जागच्या जागी ठेवून वही मिटली.

तो दिवस होता बावीस जून. तेव्हा गाडी जुंपली असती तर आसनगावहून रेल्वेने ती दुपारच्या आत ठाण्याच्या दवाखान्यात पोचली असती.

दोन जुलैला लखमाचं वासरू गेलं. तोंडाला फेस, आवाज बसलेला, पाण्याचं घमेलं पुढे केलं की उसळी मारायचं. सगळं गाव गोठ्याभोवती जमलं. मास्तरही गेले आणि खुशीत परतले. "झकास! साहेबांपुढे गावातलाच दाखला देता येईल. नुसतं पुस्तकी नको, असं ते नेहमी म्हणतात."

ताराबाईने परात खाली ठेवली. "त्याच कुत्र्यानं मानसाला चावलं असतं तर?"

"माणसाला."

तिने तो शब्द सुधारून म्हटला. मग पुन्हा विचारलं, "चावलं असतं तर?"

"चार दिवस धीर धर," मास्तर म्हणाले. "बायकांना भारी घाई."

त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. मनगट पुढे करायचं, बस. तिने ते केलंही होतं अर्धं. पण मास्तर तेवढ्यात कोंडूची नक्कल करू लागले, ओठ मिटून, डोळे वटारून, विहिरीवर वाकल्यासारखे, साहेबांपुढे कशी करायची ते बसवत. ताराबाईने हात पदराखाली घेतला.

सहा जुलै, सोमवार. आदल्या रात्रीपासून तिच्या मनगटाला मुंग्या येत होत्या. जखम तर केव्हाच भरली होती, पण आतून कोणी चालत असल्यासारखं खांद्यापर्यंत वर येत होतं. अंगात कणकण, घसा आवळलेला. डिपुटी साहेब दहाला घोड्यावरून आले. ताराबाई भिंतीशी बसली.

मास्तरांचा आवाज त्या दिवशी लखलखीत लागला होता. "आजच्या दिवशी, मुलांनो, अठराशे पंच्याऐंशी साली, फ्रान्स देशात, नऊ वर्षांच्या एका मुलाला वाचवण्यात आलं. त्याला काय झालं होतं? त्याला पिसाळलेलं कुत्रं चौदा ठिकाणी चावलं होतं!"

पलीकडे ताराबाईने कान भिंतीला लावला.

"त्या मुलाला लुई पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाची लस टोचली, दहा दिवस रोज, आणि तो वाचला. ती लस आज आपल्या ठाण्याला मिळते. मोठ्या दवाखान्यात पोटात चौदा सुया घेतल्या की माणूस ठणठणीत. कधी घ्यायच्या? ताबडतोब! विष डोक्यात पोचायच्या आत. पण आमचे लोक काय करतात?" इथे तो अभिनय झाला असावा, कारण पोरं हसली आणि साहेबही हसले. "सात विहिरी बघतात! आणि एकदा का रोग्याला पाण्याची भीती वाटू लागली, की मग? मग जगातला कुठलाही डॉक्टर त्याला वाचवू शकत नाही. लखमाच्या वासराचं काय झालं, कोण सांगेल?"

ताराबाई उठली. चिंधी सोडून मनगट उघडं केलं आणि मागच्या दाराने वर्गाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. हात पुढे धरला होता तिने. आयुष्यात पहिल्यांदाच ती वर्गात आली होती. चाळीस पोरं वळून बघू लागली.

मास्तरांनी तिच्या हाताकडे पाहिलं नाही. तिच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं. "हां, चहा ठेव," ते घाईने म्हणाले, "साखर जरा सढळ घाल." आणि साहेबांकडे वळून, "घरची माणसं. खेडवळ आहेत. माफ करा."

ती परत आली. कोणी म्हणेल ओरडायचं होतं, सांगायचं होतं. म्हणणाऱ्याने नऊ वर्षं त्या घरात राहून बघावं. तिने आधण ठेवायला घागर कलंडली. पाण्याची धार पातेल्यात पडली, आणि तिच्या गळ्याला आतून कोणी मूठ घातली. पातेलं हातातून सुटलं. तिने पुन्हा धार धरली. पुन्हा तेच. पाण्याकडे बघवेना, त्याचा आवाज ऐकवेना. लखमाचं वासरू घमेल्यापासून असंच मागे सरत होतं, ते तिने स्वतः पाहिलं होतं. शेवटी डोळे मिटून, कान खांद्यात खुपसून तिने चहा केला. साखर सढळ घातली. साहेबांनी तो आवडीने प्यायला आणि शेरेबुकात मास्तरांची तारीफ लिहिली.

साहेब चारला गेले. मास्तर शेरेबुक नाचवत घरात आले आणि त्यांना ती कोपऱ्यात बसलेली दिसली, मनगट मांडीवर उघडं. दातांचे चार वण, तिखटाने काळे पडलेले.

"कधी?" त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अटलांटिक झाला त्या दिवशी."

मास्तरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. एकवीस दिवस. ते खाली बसले. "मला का नाही सांगितलंस? अगं, मी तुला त्याच दिवशी नेलं असतं!"

"तुमी फळ्यावर नाव लिवलं असतं."

मास्तरांच्या ओठांपर्यंत 'तुम्ही' आलं असावं. ते त्यांनी गिळलं.

"मी इचारलं हुतं," ती म्हणाली. "तीनदा."

सात तारखेला उजाडताच कोंडूची गाडी जुंपली. गावात गाडी त्याचीच. मास्तरांना वाटलं तो नाही म्हणेल, पण कोंडूने काही न बोलता बैल काढले, वर कडबा पसरला, धोंडीबाईने ताराबाईला गोधडीत गुंडाळलं. नदीपर्यंत सगळं ठीक चाललं. नदीला गुडघाभर पाणी होतं, इतर गावांच्या गाड्या रोज जात होत्या. पण खळाळ कानावर आला आणि ताराबाई गोधडीतून ताठ झाली. बैलांचे पाय पाण्यात पडले तशी ती किंचाळली, आणि तो आवाज ऐकून बैल बुजले. तिचा गळा आवळत होता, तोंडातून लाळ गळत होती, दोन्ही हातांनी ती गाडीची खुंटं उपटायला बघत होती. मास्तरांनी तिला धरलं. तिने त्यांना ढकलून दिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कोंडूने गाडी मागे घेतली.

"डोळे बांधू तिचे," मास्तर ओरडले. "कान बांधू. चल पुढे!"

"कशाला पुढं?" कोंडू म्हणाला. "पान्याचं भ्या वाटलं का मंग कुनी वाचवत नाय. काल तुमीच सांगितलंत ना? माझी पोरगी पाठ करून आली घरी."

मास्तरांनी सुटलेली गोधडी पुन्हा तिच्या अंगावर ओढली.

"चैतात माझ्यावर हसलात तवा येक सबूद सांगितला असता, का ठान्याला सुया हायेत," कोंडू बैलांकडे बघत म्हणाला, "तर मी अख्ख्या शेनव्याला सांगितलं असतं. वैनी तवाच गेली असती. मी येडा खरा, पन माझ्यापाशी असलं तर मी सांगून टाकतो." त्याने कासरा ओढला आणि गाडी घराकडे वळवली.

घरामागे लाकडं ठेवायची खोली होती, तिथे तिला ठेवलं. दाराला बाहेरून कडी. बांधलं धोंडीबाईने, लुगड्याच्या मऊ पट्ट्यांनी, काचू नये म्हणून, आणि बांधताना ती एकसारखी म्हणत राहिली, "मीच नेलं गो तुला, माझंच डोकं फिरलं." आठ तारीख ओरडण्यात गेली. मधूनच ताराबाई शुद्धीवर येई, अगदी नेहमीसारखी, आणि चुलीवर काही आहे का विचारी. तहानेने जीभ फुटली होती. पाणी म्हटलं तरी अंग आकडी घेई.

मास्तरांनी रजेचा अर्ज पाठवला होता, त्याचं उत्तर यायचं होतं. खरं तर शाळा बंद ठेवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण घरात बसून तो आवाज ऐकायचा, त्यापेक्षा त्यांना शाळा बरी वाटली. नऊ जुलैला सकाळी त्यांनी नेहमीसारखी घंटा दिली.

ताराबाई त्या वेळी जागी होती आणि शांत होती. पाऊस थांबला होता. पोरांच्या पावलांवरून रांग लागल्याचं तिला कळलं. मग फळ्यावर खडूचा आवाज. तिने कान दिले. तीन आठवडे तिने ज्याची धास्ती घेतली, तेच ती आता ऐकू बघत होती. आज तरी असेल. कोंडूचं होतं, वासराचं झालं, फ्रान्समधल्या कोणा पोराचंही झालं. शेणव्याच्या ताराबाईला अमुक अमुक झालं, एवढं तरी. हसली पोरं तरी चालेल.

मास्तरांनी वही उघडली होती आणि सवयीने पान पाहिलं होतं. पान कोरं होतं. त्यांचा हात रोजच्या वळणाने चालला आणि अक्षर रोजच्यासारखंच सुरेख आलं.

चाळीस पोरांनी घसा ताणून वाचलं, "नऊ जुलै. आज विशेष काही नाही."

दारापलीकडे ताराबाईने ते सगळं ऐकलं. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. दुपारची सुट्टी व्हायच्या आत ती गेली.